शिबिरात शुगर-बीपी ‘बॉर्डरवर’ निघालं, आता पुढं काय?

गावात आरोग्य शिबिर भरतं. रांगेत उभं राहून आपण बोट टोचून घेतो, दंडाला पट्टा बांधून घेतो आणि हातात एक चिठ्ठी पडते. तिच्यावर दोन आकडे आणि खाली ‘पुढील तपासणीस पाठवावे’ एवढंच. कुठं पाठवावे, उपाशी जायचं की जेवून, सोबत काय न्यायचं, हे सांगायला तिथं कोणाला वेळ नसतो, कारण मागं अर्धं गाव उभं असतं. घरी आल्यावर ती चिठ्ठी कॅलेंडरच्या मागं खोचली जाते आणि पुढच्या दिवाळीत कॅलेंडर बदलताना सापडते.

माझ्या पाहण्यात माणसं निसटतात ती इथंच, पहिली चिठ्ठी आणि दुसरी तपासणी यांच्या मधे. दुखत काहीच नसतं, त्यामुळं घाई कोणालाच नसते. आमच्या घरी आत्यांचं (म्हणजे सासूबाईंचं) बीपी आणि माझी साखर एकाच शिबिरात निघाली. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, त्यामुळं पुढची सगळी धावपळ उपकेंद्र, आरोग्य केंद्र आणि तालुक्याची लॅब यांच्यात झाली. त्या पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं ते इथं क्रमानं लिहिते. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली आणि किती, ते डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर जाऊन बसेपर्यंतची वाट आणि तिथून परत आल्यानंतरचं घर, एवढंच मला सांगता येईल.

१. चिठ्ठीवरचे आकडे आधी नीट वाचा

बीपीचे दोन आकडे असतात, वरचा आणि खालचा. वरचा १२० च्या आत आणि खालचा ८० च्या आत असेल तर उत्तम. वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ म्हणजे काठावर. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० आणि त्याच्या पुढं येत असेल तर ते बीपीच. दोन्ही आकडे वाढायला पाहिजेत असं नाही, एक वाढला तरी पुरे. ‘वरचं जरा जास्त आहे पण खालचं नॉर्मल आहे’ म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसांत बहुतेकदा वरचंच वाढतं.

साखरेच्या आकड्याशेजारी काय लिहिलंय ते बघा, कारण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. शिबिरात बहुधा ‘आरबीएस’ असतं, म्हणजे पोटात काही असो-नसो, त्या वेळची साखर. ती १४० च्या वर असेल तर पुढची तपासणी करायची. २०० च्या वर असेल आणि शिवाय सारखी तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, वजन उतरतंय असं काही असेल, तर वाट न बघता एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठायचे.

पुढच्या तपासणीचे आकडे असे वाचतात:

- उपाशीपोटी: १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ काठावर, १२६ आणि पुढं मधुमेह.
- ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी: १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ काठावर, २०० आणि पुढं मधुमेह.
- तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी: ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ आणि पुढं मधुमेह.

लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. पण हे वाक्य उलटंही वापरलं जातं. ‘एकदाच निघालंय, तसं काही नसेल’ म्हणत दुसरी तपासणी कोणी करतच नाही.

आणि बॉर्डर या शब्दाला फसू नका. आमच्या आत्यांना शिबिरात १५६/९४ ला ‘बॉर्डरवर आहे, काळजी करू नका’ असं सांगितलं होतं. १५६ बॉर्डरवर नाही, बॉर्डर ओलांडून बरंच पुढं आहे. सांगणाऱ्याचा हेतू धीर द्यायचा होता, पण त्या धीरापायी माणूस घरी बसतो.

२. ‘मी तर बारीक आहे’ हे डोक्यातून काढा

आमच्याकडं साखर म्हणजे शहरातल्या जाड माणसाचा आजार असा समज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला आहे. त्यातून पुढं आलेली गोष्ट अशी की आपली बाळं जन्मतः वजनानं कमी असतात, पण त्या कमी वजनातही चरबीचा वाटा जास्त असतो. याज्ञिकांनी स्वतःची आणि एका इंग्रज सहकारी डॉक्टरांची तुलना छापली होती. उंचीच्या मानानं वजन मोजणारा बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

म्हणून काट्यावर उभं राहून समाधान मानू नका, कमरेला टेप लावा. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या वर असेल तर जोखीम धरतात. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरायला घरी येतात, त्यात कंबर, तंबाखू, दारू, हालचाल आणि घरात कोणाला शुगर-बीपी आहे का हेच विचारलेलं असतं. चार गुणांच्या वर गेलं की तपासणीला आधी बोलावतात. तेव्हा ‘लिहा काहीतरी’ म्हणून त्यांना वाटेला लावू नका. टेप मागून घ्या आणि खरं सांगा. तंबाखूचं तर नक्की खरं सांगा. सासऱ्यांसमोर मशेरीचं बोलायचं नसेल तर फॉर्म चुलीपाशी बसून भरा, आशाताईंना ते नवीन नाही.

ज्या बायकांना गरोदरपणात साखर किंवा बीपी निघालं होतं त्यांनी तर फॉर्मची वाट बघूच नये. बाळंतपणानंतर साखर खाली आली तरी पुढं मधुमेह होण्याची शक्यता राहते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा आणि मग दरवर्षी तपासायचं.

३. दुसरी तपासणी कुठं करायची

सगळ्यात जवळचं म्हणजे उपकेंद्र. २०२३ पासून त्याच्या पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असतं. तिथं सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. बीपी मोजणं, बोट टोचून साखर बघणं, फोनवरून डॉक्टरांशी बोलणं करून देणं आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला देणं, ही कामं तिथं होतात. पहिल्यांदा गोळी ठरवायला मात्र डॉक्टर लागतात. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा त्याच्या वरचं ग्रामीण रुग्णालय.

जाण्याआधी आशाताईंना एकच प्रश्न विचारा: आपल्या केंद्रावर शुगर-बीपीचा वार कोणता? बऱ्याच केंद्रांत त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी डॉक्टर, लॅबवाले आणि गोळ्या तिन्ही जागेवर सापडण्याची शक्यता जास्त. लसीकरणाच्या दिवशी गेलात तर दिवस मोडतो.

खर्चाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट आहे. ज्या गोळ्या आत शिल्लक नसतील त्या बाहेरून घ्याव्या लागतात, तेव्हा जनऔषधीच्या दुकानात चौकशी करा. आणि महात्मा फुले योजनेचं कार्ड म्हणजे रोजच्या गोळ्या नव्हेत. ती योजना ठरावीक उपचारांसाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं तेव्हाची आहे. हे माहीत नसल्यानं लोक कार्ड घेऊन मेडिकलवर वाद घालतात.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल. आभा नंबर (आरोग्याच्या नोंदींचा सरकारी ओळख क्रमांक) काढायचा तर ओटीपी त्याच मोबाइलवर येतो, म्हणून फोन मुलाकडं पुण्याला असेल तर त्या दिवशी त्याला तयार ठेवा.
- शिबिराची चिठ्ठी आणि जुने जे कागद असतील ते, अगदी बाळंतपणाचे सुद्धा.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. नावं पाठ करून जाऊ नका, पाकिटंच न्या.
- शंभर पानी वही. हिच्याबद्दल पुढं सांगते.
- उपाशी रक्त द्यायचं असेल तर डबा.

४. बीपी मोजून घेताना हात आखडू नका

सगळ्यात जास्त गडबड इथं होते म्हणून इथं थोडं सविस्तर. शिबिरात बघा: बाई रानातून थेट येते, दाराशी चहा मिळतो तो पिते, गर्दीत उभी राहते, नंबर आला की धापकन बसते. मग लुगड्याच्या-ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा बांधतात, हात लोंबकळत असतो, आणि शेजारची विचारत असते, ‘काय गं, कितीय?’ आणि ही उत्तर देत असते. यातली प्रत्येक गोष्ट आकडा बदलवते.

बरोबर पद्धत अशी. अर्धा तास आधीपासून चहा, बिडी, तंबाखू, मशेरी काही नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या, तुंबलेल्या लघवीनंही बीपी वर दिसतं. पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नाही. दंड उघडा. बाही गुंडाळून वर घट्ट रुतत असेल तर तीही काढा, बायकांनी त्या दिवशी सैल बाहीचा ब्लाउज घालून जावं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. मोजत असताना बोलायचं नाही. मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहून घ्यायचे.

पट्ट्याचा आकारही बघायला हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त येतं. ‘मोठा कफ आहे का?’ एवढं विचारलं तरी सिस्टरना कळतं.

‘दुसऱ्यांदा घ्या’ म्हणायची आपल्याला भीड वाटते. मोठ्या आवाजात म्हणू नका, हळू विचारा, ‘सिस्टर, मी आत्ताच चढ चढून आले, पाच मिनिटं बसते, परत बघाल का?’ मला तरी यावर कोणी नाही म्हटलेलं नाही. आत्यांचं केंद्रावर पहिल्यांदा १६८ आलं, बाकावर बसून दुसऱ्यांदा १५२. कमी झालं, पण १४० च्या आत आलं नाही. म्हणजे शिबिराचा घोळ एवढंच कारण नव्हतं, हेही त्यातूनच कळलं.

गोळी चालू असलेल्यांनी दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी चुकवायची नाही. ‘तपासायला जायचंय म्हणून घेतली नाही’ असं म्हणणारे भरपूर. मग बीपी वाढलेलं दिसतं आणि कारण नसताना गोळी वाढते. उपाशी रक्त द्यायचं असलं तरी साध्या पाण्याबरोबर बीपीची गोळी चालते. साखरेची गोळी मात्र रक्त देऊन झाल्यावर, खाण्याबरोबर.

५. साखर तपासताना कुठं फसतं

उपाशी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. बिनसाखरेचा चहासुद्धा नाही.

दुसऱ्या रक्ताचा घोळ तर ठरलेला. उपाशी रक्त देऊन माणूस एसटी स्टँडवर जातो, मिसळ खातो, बँकेचं काम उरकतो, बाजार करतो आणि चार तासांनी परत येतो. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी घ्यायची असते. चार तासांनी ती आपोआप खाली येते आणि कागदावर सगळं छान दिसतं. निदान अजून झालेलं नसेल तर जेवणापेक्षा ग्लुकोजची तपासणी बरी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, पाच मिनिटांत पिऊन टाकायचं आणि दोन तास तिथंच बसून राहायचं. फिरायचं नाही, तंबाखू नाही. त्या दिवशी बाजाराची पिशवी घरी ठेवा.

बोट टोचण्याआधी साबणानं हात धुवा आणि कोरडे करा. आंबा कापलेले, ऊस चावलेले, गूळ फोडलेले हात असतील तर मशीन बोटावरची साखर मोजतं. बोट पिळून पिळून थेंब काढायचा नाही. आणि ग्लुकोमीटरवर निघालेला आकडा हा इशारा समजा, पक्कं निदान शिरेतून काढलेल्या रक्तावर होतं.

तीन महिन्यांची साखर ही सोयीची तपासणी, उपाशी राहावं लागत नाही. पण ती रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बेतलेली आहे. अंगात लोह कमी असेल तर ती खोटी वाढलेली दिसू शकते. सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तिच्यावर भरवसाच ठेवता येत नाही, बऱ्याचदा खोटी कमी येते. विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारकडं, पालघरच्या पट्ट्यात सिकलसेलची कुटुंबं आहेत, त्यांनी रक्त देण्याआधीच हे सांगावं. आपल्याकडच्या बायकांना रक्त कमी असणं तर घरोघरी. माझी स्वतःची उपाशी १०८ आणि एचबीए१सी ६.३ आली, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा हिमोग्लोबिन बघितलं. ते ९ निघालं. मग लोहाच्या गोळ्या सुरू करून त्यांनी ग्लुकोजची तपासणी करायला लावली आणि काठावरच्या साखरेची खात्री त्यावर केली.

६. डॉक्टरांसमोर बसलात की

वेळ थोडा मिळतो. मागं रांग असते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून न्या: घरात कोणाला शुगर, बीपी, लकवा, हार्टचा झटका, स्वतःला काय होतंय, कोणत्या गोळ्या चालू आहेत, तंबाखू, दारू.

गोळ्यांत एक गोष्ट सगळेच विसरतात, अंगदुखीच्या गोळ्या. खुरपण-काढणीच्या दिवसांत मेडिकलमधून ‘कंबरेची गोळी द्या’ म्हणून आणलेली पुडी रोज संध्याकाळी घेणारी माणसं प्रत्येक वाडीत आहेत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पुडीत नाव नसलेली छोटी पांढरी गोळी असेल तर ती स्टेरॉइडही असू शकते. तिनं दुखणं जादूसारखं थांबतं आणि साखर भसाभसा वर चढते. आत्यांच्या उशाखाली अशी पुडी होती. डॉक्टरांनी ती हातात घेऊन विचारलं, ‘आजी, ही किती दिवस?’ आत्या म्हणाल्या, ‘रोज कुठं, कामाला गेलं की.’ कामाला त्या रोज जातात. पुडी कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच करा, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

तिशी-पस्तिशीतल्या बाईला बीपीची गोळी लागली तर मूल हवंय किंवा पाळी चुकलीय हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

उठण्याआधी तीन गोष्टी विचारा: माझा आकडा किती असायला हवा? परत कधी यायचं? गोळी चुकली तर काय करायचं?

आणि पहिल्याच खेपेला ही यादी पुढं करा: लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, इसीजी. मधुमेह पक्का झाला असेल तर डोळ्यांचा पडदा आणि पाय. पडद्याची तपासणी म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं नाही. बाहुली मोठी करून आतला पडदा बघतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवायला कोणाला तरी सोबत न्या.

७. गोळी सुरू झाली तर

‘एकदा गोळी लागली की सुटत नाही’ हे वाक्य तुम्हाला पारावर, लग्नात, एसटीत सगळीकडं ऐकू येईल. गोळी सवयीमुळं लागत नाही, आजार टिकून असतो म्हणून लागते. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डॉक्टर डोस कमीही करतात. पण आकडा चांगला आला म्हणून आपणच गोळी बंद करायची, हा सगळ्यात मोठा सापळा. आकडा गोळीमुळंच चांगला आलेला असतो.

बीपीच्या अम्लोडिपिननं कोणाच्या पायाला सूज येते. साखरेच्या मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोट बिघडतं, ती जेवणाबरोबर घेतली की बहुतेकांना सोसते. त्रास झाला तर केंद्रावर जाऊन सांगा, गोळी बदलता येते. शेजारणीची गोळी मात्र घेऊ नका, तिला लागू पडली असली तरी.

साताऱ्याचा बीपी नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या काही जिल्ह्यांतच समावेश झाला होता. त्यामुळं आमच्याकडं केंद्रावर पेशंटचं कार्ड असतं आणि महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात. तुमच्याकडं कार्ड नसेल तर वहीच कार्ड समजा: तारीख, बीपी, साखर, वजन, गोळी. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी पुढचं आणायचं, कारण ज्या दिवशी जाल त्याच दिवशी साठा संपलेला असतो असा माझा अनुभव आहे.

साखरेच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, साखर एकदम खालीही जाते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढं अंधारी. रानात काम करताना जेवण लांबलं की हे होतं. अशा वेळी लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि मग जेवायचं. अशी गोळी असणाऱ्यानं एकादशी-नवरात्राचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये, आणि वारीला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी.

८. नुसतं काठावर असेल तर

काठावर असणं ही खरं तर संधीची जागा. चेन्नईत काठावरच्या साखरेच्या माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांनी चालणं आणि जेवण सुधारलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत जवळपास तेवढंच. दोन्ही एकत्र केल्यानं आणखी फायदा दिसला नाही. मला तो आकडा वाचून हुरूप आला, कारण चालायला केसपेपर लागत नाही.

जेवणाचं मात्र स्पष्ट बोलते. भाकरी चपातीपेक्षा बरी, पण ‘भाकरी कितीही चालते’ हे खोटं. ज्वारी-बाजरीचीही साखरच होते, जरा सावकाश. तीन भाकरी आणि वाटीभर पातळ आमटी हे आपलं ताट. त्यातली एक भाकरी काढून तिथं मटकी-हुलग्याची उसळ आणि भरपूर पालेभाजी, मेथी, चाकवत, तांदुळजा, शेपू, जे रानात असेल ते. कोकणात भाताचं हेच गणित. गूळ आणि मध साखरेइतकेच वाईट. साबुदाणा आणि भगर उपासाला चालतात, साखरेला नाही. कारल्याचा रस प्यायचा असेल तर प्या, गोळीच्या जागी नको.

खरा चोर चहा आहे. रानात सकाळपासून पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर कोणाच्या लक्षातही न येता पोटात. एकदम बंद करू नका, रुसवे होतात. आधी दोनाचा दीड चमचा, पंधरवड्यानं एक. आमच्या घरी आता चहाचं पातेलं बिनसाखरेचं उकळतं आणि ज्याला पाहिजे तो वरून घेतो.

मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, त्यात सगळं आलं: आमटी, ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, सुकट, फरसाण. सैंधव आणि खडे मीठ यांनी बीपी वाढत नाही असं सांगतात, तेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर विचारल्याशिवाय आणू नका.

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?’ हा प्रश्न रास्त आहे. सुगीत राबणाऱ्याला वेगळा व्यायाम नको. पण मोटर मोबाइलवरून चालू होते, रानात मोटारसायकलनं जातो, आणि उन्हाळ्यात चार महिने पारावर बसतो, तेव्हाचं काय? आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं भरलं पाहिजे. बायकांना संध्याकाळी रस्त्यावर चालायला संकोच वाटतो, त्यांनी दोघी-तिघींनी मिळून जावं, गाव दोन दिवस बोलतं आणि गप्प बसतं.

तंबाखू-मशेरी सोडणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सुरुवात करायची तर केंद्रावर विचारा.

साखर काठावर असेल तर वर्षातून एकदा तरी परत तपासा, माझ्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलंय. बीपीही काठावर असेल तर ते उपकेंद्रात मधूनमधून बघायला पैसे लागत नाहीत. घरी यंत्र घ्यायचंच असेल तर दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको, आणि भावकीत मिळून एक घेतलं तरी चालतं. घरी मोजलेल्याची हद्द थोडी खाली, १३५/८५.

९. तोडीला, मजुरीला बाहेर जाणार असाल तर

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांच्या गोळ्या दिवाळीत सुटतात आणि पाडव्याला बीपी भडकलेलं सापडतं. निघायच्या आठवडाभर आधी केंद्रावर जाऊन सांगा की चार-पाच महिने बाहेर आहे. जितक्या जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील तितक्या मागा. वहीच्या शेवटच्या पानाचा आणि गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मुकादमाच्या नव्हे, स्वतःच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये ठेवा. कारखान्याच्या गावात सगळ्यात जवळचं आरोग्य केंद्र कोणतं ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा, तिथंही फोटो दाखवून गोळ्या मागता येतात. कोपीवर (तोडीवरच्या झोपडीत) गोळ्या पत्र्याच्या डब्यात उन्हात नकोत. साखर असणाऱ्यानं फडात अनवाणी जायचं नाही, आणि रात्री पायाचा तळवा बॅटरीनं बघायचा, कारण साखरेच्या माणसाला पाचट टोचलेलं कळत नाही.

१०. या वेळी वाराची वाट बघायची नाही

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, छातीत दाबल्यासारखं दुखणं, धाप, किंवा साखर तीनशेच्या वर आणि सोबत उलट्या व जोराचा श्वास: सरळ १०८. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ वहीत लिहा आणि गाडीत बसल्यावर तीच आधी सांगा. पाय चोळत, कांदा हुंगवत बसू नका. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका, गिळता येत नसेल तर ती श्वासात जाते.

वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढं गेलंय पण त्रास काहीच नाही, असं असेल तर पाच मिनिटं बसवून परत मोजा. तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कोणी जिभेखाली गोळी ठेवायला सांगेल, ती ठेवू नका. बीपी एकदम पाडणं जास्त धोक्याचं असतं.